हैदराबादची साहिब बेगम, इंग्लंडची किटी

तैलरंगात आपले चित्र काढून घेणे हे जुन्या काळी सामान्य माणसाच्या आवाक्यातले काम नव्हते. चित्रकाराची बिदागी, त्याच्यासमोर बसून राहण्याची सवड आणि तयार झालेले चित्र टांगण्याजोगी भिंत या तिन्ही गोष्टी ज्याच्याजवळ असत, त्याचाच चेहरा पुढील पिढ्यांच्या दृष्टीस पडे. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातील पोर्तुगीज व्हॉइसरॉय आणि गव्हर्नर यांच्या चित्रांची रांग गोमंतकीय वाचकांना परिचित आहे. दों जुआंव द कास्त्रो याने १५४७ मध्ये या चित्रमालिकेचा आरंभ केला. त्या चित्रांतील चेहरे विसरले जातात. लक्षात राहतो तो पोशाख, हातातील शस्त्र आणि घराण्याचे चिन्ह. चित्रातील माणूस कोण होता यापेक्षा तो कोणत्या पायरीवर उभा होता, हे सांगणे हेच अशा चित्रांचे मुख्य काम असे.

हैदराबादशी नाते असलेल्या एका चित्रात ही पायरी अक्षरशः रंगवलेली आहे. १८०५ साली मद्रासमध्ये जॉर्ज चिनरी या इंग्रज चित्रकाराने दोन लहान मुलांचे एक मोठे तैलचित्र काढले. पायऱ्यांच्या माथ्यावर, जड पडद्याच्या पार्श्वभूमीवर, एक मुलगा आणि एक मुलगी उभी आहेत. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. मुलाच्या अंगात जरीच्या काठांचा लालभडक जामा, कमरेला सोनेरी कमरबंद, डोक्यावर चमचमती टोपी, पायांत टोके वळलेल्या मोजड्या आणि गळ्यात टपोऱ्या मोत्यांचे दोन सर आहेत. मुलगी एक पायरी वर उभी राहून भावाला बिलगली आहे. मुलगा पाहणाऱ्याकडे सरळ, थोड्या ऐटीतच पाहतो. मुलीची नजर मात्र खाली आहे. तिच्या टोपीखालून तांबूस केसांची किंचित झाक दिसते.

या मुलीचे नाव नूर-उन-निसा, साहिब बेगम. इतिहास तिला कॅथरिन अरोरा ऊर्फ किटी कर्कपॅट्रिक या नावाने ओळखतो. चित्र काढले गेल्यानंतर थोड्याच दिवसांत ती जहाजात बसली. चित्रातील पोशाख, नाव, भाषा आणि आई या चारही गोष्टी तिच्या आयुष्यातून गेल्या. पैसा मात्र तिच्याबरोबर राहिला. वारशाने काय मिळते आणि वारशाच्या मोबदल्यात काय हिरावून घेतले जाते, याचा हिशेब तिच्या शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यात मांडलेला दिसतो.

तिच्या जन्माची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला आणि त्याचा दिवाण अरस्तू जाह याला ओलीस म्हणून पुण्यास आणले. सुमारे दोन वर्षांनी तो सुटून हैदराबादला परतला आणि पुन्हा कारभाराच्या केंद्रस्थानी आला. मराठ्यांच्या धास्तीने निजामाला बाहेरच्या लष्करी आधाराची गरज भासत होती. त्याच्या पदरी फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील कवायती पलटणी होत्या, आणि इंग्रजांना त्या नको होत्या. १७९८ मध्ये कंपनीने निजामाशी करार केला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या फ्रेंच पलटणी मोठा रक्तपात न होता निःशस्त्र झाल्या. या कामगिरीमागे जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा कंपनीचा अधिकारी होता. त्याचा जन्म १७६४ मध्ये मद्रासला झाला होता. हैदराबादचा रेसिडेंट म्हणून त्याची नेमणूक झाली आणि निजामाने त्याला हश्मत जंग हा किताब दिला.

कर्कपॅट्रिकला फारसी आणि हिंदुस्तानी उत्तम येत असे. घरी तो हैदराबादी पोशाख वापरी, दरबाराच्या रीतिरिवाजांत सहज वावरे. अशा माणसाची गाठ खैर-उन-निसा या सय्यद घराण्यातील तरुणीशी पडली. तिचे आजोबा बाकर अली खान दरबारात वजनदार होते आणि पुढे दिवाण झालेला मीर आलम तिच्या नात्यातला होता. सय्यद म्हणजे पैगंबरांच्या वंशातील. असे घराणे आपली मुलगी परक्या जातीच्या, त्यातही ख्रिस्ती माणसाला देईल, ही कल्पनाच त्या समाजात बसणारी नव्हती. कर्कपॅट्रिकने इस्लाम धर्म स्वीकारून तिच्याशी निकाह केला. खैर-उन-निसा तेव्हा किशोरवयीन होती. या लग्नाचा बोभाटा कोलकात्यापर्यंत गेला, गव्हर्नर जनरल वेलस्लीने चौकशी मांडली आणि रेसिडेंटची नोकरी जाता जाता वाचली.

मुलगा मीर गुलाम अली, म्हणजे साहिब आलम, ४ मार्च १८०१ रोजी जन्मला. मुलगी ९ एप्रिल १८०२ रोजी. आईच्या बाजूने ही मुले हैदराबादच्या उमरावांत मोडत. बापाच्या बाजूने ती एका अशा माणसाची मुले होती, ज्याच्या शब्दावर निजामाचे परराष्ट्र धोरण हलत होते. दोन्ही बाजूंनी वैभवाला तोटा नव्हता.

त्या वैभवाची साक्ष मुसी नदीच्या काठी, कोठी भागात आजही उभी आहे. कर्कपॅट्रिकने १८०३ च्या सुमारास नव्या रेसिडेन्सीचे काम सुरू केले. मद्रास इंजिनिअर्समधील सॅम्युएल रसेल याने तिचा आराखडा केला. उंच कोरिंथियन खांब, भव्य पायऱ्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सिंह अशी ही इमारत आहे. तिच्यासाठी जागा मिळवताना घडलेला एक किस्सा सांगितला जातो. कर्कपॅट्रिकने जमिनीचा भला मोठा नकाशा निजामापुढे ठेवला, तेव्हा निजामाने साफ नकार दिला. नकाशाच्या आकारावरून त्याला वाटले, की हा गृहस्थ अर्धे राज्यच मागतो आहे. मग तीच जागा एका लहानशा पत्त्यावर काढून दाखवली, आणि मंजुरी मिळाली. किस्सा खरा असो वा रचलेला, कागदावरचे चित्र माणसाच्या मनात मालमत्तेचे मोजमाप कसे ठरवते, हे त्यातून चांगले कळते.

खैर-उन-निसासाठी रेसिडेन्सीच्या आवारात रंगमहाल नावाचा झनाना होता. ती पडद्यात राहत असल्याने मुख्य इमारतीचा दर्शनी भाग तिला पाहता येत नसे. म्हणून तिच्या बागेत त्या इमारतीची एक छोटी प्रतिकृती उभारली गेली, असे परंपरा सांगते. चिनरीच्या चित्रात ही आई कोठेच नाही, याचे नवल वाटायला नको. तिच्या घराण्याचा मान जितका मोठा, तितकी ती परक्या पुरुषाच्या नजरेपासून दूर. मुलांच्या अंगावरील जरी आणि मोती आईच्या बाजूचे वैभव सांगतात, पण आईचा चेहरा मात्र त्या प्रतिष्ठेनेच चित्राबाहेर ठेवला.

असे सारे असताना मुलांना विलायतेला पाठवण्याची गरज का पडली, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर कंपनीच्या कायदेकानूंत सापडते. १७८६ मध्ये इंग्रज सैनिक आणि हिंदी स्त्रिया यांच्या अनाथ मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यावर बंदी आली. १७९१ मध्ये, आई किंवा बाप हिंदी असलेल्या कोणालाही कंपनीच्या मुलकी, लष्करी वा आरमारी नोकरीत घेऊ नये असे ठरले. १७९५ च्या आदेशाने अशा मुलांना सैन्यात बासरी वाजवणारे, नगारे वाजवणारे किंवा नालबंद एवढ्याच जागा उरल्या. म्हणजे ज्या मुलाच्या गळ्यात मोत्यांचे सर होते, त्याला बापाच्या कचेरीत कारकुनाची जागाही मिळाली नसती. मिश्र रक्ताच्या मुलांसमोर हिंदुस्थानात जे दार बंद झाले होते, ते पैसा आणि गोरी कातडी यांच्या बळावर इंग्लंडमध्ये उघडेल, अशी कर्कपॅट्रिकची आशा होती.

सप्टेंबर १८०५ मध्ये रेसिडेन्सीच्या डॉक्टरची पत्नी मिसेस यूर हिच्या सोबतीने मुले मद्रासहून जहाजात बसली. आईसाठी मागे राहिले ते चिनरीने काढलेले चित्र. जहाज अजून समुद्रात असतानाच, १५ ऑक्टोबर १८०५ रोजी, कर्कपॅट्रिक कोलकात्यात आजारपणाने मरण पावला. २५ मार्च १८०६ रोजी लंडनच्या मेरिलबोन भागातील सेंट मेरी चर्चमध्ये दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलम विल्यम जॉर्ज झाला आणि साहिब बेगम कॅथरिन अरोरा झाली. नूर म्हणजे प्रकाश आणि अरोरा म्हणजे पहाट. नव्या नावात जुन्या अर्थाची एवढी खूण तरी राहिली.

मुलांचे आजोबा कर्नल कर्कपॅट्रिक केंट परगण्यात राहत. देखणेपणासाठी आणि रंगेलपणासाठी त्यांची ख्याती होती. त्यांच्या घरी मुले वाढली. आईशी आणि हैदराबादशी पत्रव्यवहार होऊ नये अशी व्यवस्था करण्यात आली. इंग्लंडमधील सुखवस्तू वर्गात त्यांचा शिरकाव व्हावा यासाठी जे विसरणे आवश्यक समजले गेले, ते त्यांना विसरायला लावले. किटीला मात्र ताटातुटीचा क्षण आठवत राहिला. आई कोठे बसली होती, कशी आक्रोश करत होती, आपले लांब केस कशी ओढत होती, हे तिला मोठेपणीही डोळ्यांपुढे दिसत असे.

इकडे खैर-उन-निसाचे दैव फिरले. ती आईसह कोलकात्याला गेली. तेथे कर्कपॅट्रिकचा पूर्वीचा साहाय्यक हेन्री रसेल याच्याशी तिचे संबंध जुळले. या संबंधाने हैदराबादचे दरवाजे तिला बंद झाले आणि तिला मच्छलीपट्टणला राहावे लागले. रसेलने तिला सोडून दिले आणि दुसरीकडे लग्न केले. पुढे तिला हैदराबादला परतता आले, पण २२ सप्टेंबर १८१३ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास, तिचा मृत्यू झाला. मुलांचे चित्र यथावकाश रसेलच्या ताब्यात गेले आणि त्याच्याबरोबर इंग्लंडला पोहोचले. मुले एका घरात, त्यांचे चित्र दुसऱ्या घरात, आणि दोघांमध्ये अंतर फारसे नाही, अशी विलक्षण स्थिती अनेक वर्षे होती. किटीला त्याची कल्पना नव्हती.

विल्यमचे आयुष्य दुर्दैवी ठरले. १८१२ मध्ये उकळत्या पाण्याच्या हंड्यात पडून तो कायमचा अपंग झाला. १८२८ मध्ये सत्तावीस वर्षांचा असताना, पत्नी आणि तीन मुली मागे ठेवून, तो गेला. चित्रात ऐटीने समोर पाहणारा मुलगा तो हाच.

आजोबांच्या निधनानंतर किटी चुलत बहिणींच्या आश्रयाने राहू लागली. त्या स्ट्रेची आणि बुलर या मोठ्या घराण्यांत दिलेल्या होत्या. १८२४ मध्ये अशाच वर्तुळात थॉमस कार्लाइल या तरुण स्कॉटिश लेखकाशी तिची ओळख झाली. कार्लाइल तेव्हा बुलर कुटुंबातील मुलांचा शिक्षक होता, वर्षाला दोनशे पौंड पगारावर. त्याचा बाप गवंडी होता. किटी बावीस वर्षांची, मनमिळाऊ, वारशाने आलेल्या पैशाने स्वतंत्र आणि तांबूस-सोनेरी केसांनी उठून दिसणारी. त्याच वर्षी श्री. स्ट्रेची यांच्याबरोबर दोघेही पॅरिसला जाऊन आले. कार्लाइलच्या मनात तिच्याविषयी ओढ होती असे अनेक अभ्यासक मानतात. १८३३ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘सार्टर रिसार्टस’ या ग्रंथातील ब्लुमिने ही नायिका तिच्यावरून बेतली असावी, असा एक मतप्रवाह आहे. इतर स्त्रियांची नावेही त्यासाठी घेतली जातात.

या प्रसंगातील उलटापालट मात्र विचार करण्यासारखी आहे. ज्या मुलीला हिंदी आईमुळे बापाच्या देशबांधवांनी खालच्या पायरीवर ठेवले असते, तीच इंग्लंडमध्ये एका बुद्धिमान इंग्रजी लेखकाच्या आवाक्याबाहेर गेली, कारण तिच्याकडे पैसा होता आणि त्याच्याकडे नव्हता. वंश आणि वर्ग या दोन तराजूंत तिचे वजन वेगवेगळे भरत होते. कार्लाइलने पुढे आपल्या आठवणींत तिचे वर्णन आपुलकीने केले, पण त्यातही तिच्यातील बेगमपणाचा उल्लेख त्याला टाळता आला नाही. कपडे इंग्रजी झाले, नाव ख्रिस्ती झाले, तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत हैदराबाद उरलेच होते. योगायोग असा, की कार्लाइलचा तो ग्रंथच कपड्यांच्या तत्त्वज्ञानावर आहे: माणसाची प्रतिष्ठा त्याच्या पोशाखात किती आणि त्याच्यात किती, हा त्याचा विषय.

२१ नोव्हेंबर १८२९ रोजी किटीने जेम्स विन्स्लो फिलिप्स या घोडदळातील कॅप्टनशी लग्न केले. संसार सुखाचा झाला. सात मुले झाली, त्यांपैकी चार जगली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी तिचे बस्तान बसले. सुस्थितीतील इंग्रज गृहिणीचे आयुष्य तिला मिळाले. बापाने जे इच्छिले होते, ते सारे पदरात पडले होते.

मग १८४१ साल उजाडले. बर्कशायरमध्ये एका परिचित बाईबरोबर ती स्वॅलोफील्ड येथील एका मोठ्या घरी गेली. ते घर सर हेन्री रसेलचे होते. तेथील भिंतीवर तिला दोन मुलांचे चित्र दिसले: लाल जामा, मोत्यांचे सर, आणि खाली पाहणारी एक मुलगी. किटीच्या डोळ्यांना धारा लागल्या. आपल्या इंग्रजी आयुष्याच्या आधीचा आपला चेहरा तिने तेव्हा पाहिला. ज्या वस्तूने कधी काळी दरबारी वैभव मिरवले होते, तिने छत्तीस वर्षांनी एका स्त्रीला तिची आई दिली. रसेलने पुढे ते चित्र मृत्युपत्राने तिला देऊन टाकले.

या भेटीनंतर तिने हैदराबादशी तुटलेला धागा शोधायला सुरुवात केली. तिची आजी शरफ-उन-निसा अजून जिवंत आहे असे कळले. हैदराबादच्या रेसिडेन्सीत त्या वेळी डंकन माल्कम हा अधिकारी होता. मराठ्यांच्या इतिहासात ज्यांचे नाव वारंवार येते, त्या सर जॉन माल्कम यांचा तो पुतण्या. त्याच्यामार्फत आजी आणि नात यांच्यात पत्रे सुरू झाली. आजीची पत्रे फारसीत, मुन्शीकडून लिहून घेतलेली, सोन्याचा चुरा शिंपडलेल्या कागदावर आणि किनखापी पिशवीतील खलित्याच्या रूपात येत. किटीची पत्रे इंग्रजीत जात. दोघींना एकमेकींचे शब्द अनुवादातूनच कळत. आजीने नातीला पत्र लिहितानाही घराण्याचा शिरस्ता सोडला नव्हता. खलिता हाच तिच्या दर्जाचा अखेरचा पोशाख होता. नातीला त्या पत्रांत सोन्याचे अप्रूप नव्हते. आई दिसायला कशी होती, कशी बोलत असे, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. सुमारे सहा वर्षे हा पत्रव्यवहार चालला. १८४७ मध्ये शरफ-उन-निसा गेली. दोघींची भेट झाली नाही.

हेन्री रसेल १८५२ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी चित्रकार चिनरीचाही अंत झाला. त्याची अखेर गोमंतकीयांना जवळची वाटावी अशा ठिकाणी झाली. आयुष्यभर श्रीमंतांचे चेहरे रंगवणारा हा माणूस स्वतः कर्जात बुडाला आणि सावकारांना चुकवण्यासाठी १८२५ मध्ये कोलकात्याहून मकावला पळाला. मकाव तेव्हा गोव्याच्या व्हॉइसरॉयच्या अखत्यारीत होते. १८४४ मध्ये ते गोव्यापासून वेगळे झाले. त्याच मकावमध्ये चिनरीचे दफन झाले. त्याने रंगवलेले हैदराबादच्या मुलांचे चित्र कालांतराने मकावच्या समोरच्या किनाऱ्यावर, हाँगकाँगमध्ये, एका मोठ्या बँकेच्या संग्रहात जाऊन पोहोचले. चित्रातील मुलांच्या वाट्याला न आलेला स्थिर मुक्काम चित्राला एका तिजोरीच्या सावलीत मिळाला.

किटी २ मार्च १८८९ रोजी टॉर्कीत मरण पावली. हैदराबादला ती पुन्हा कधीच गेली नाही. तिच्या आईचा रंगमहाल पुढे पाडला गेला. रेसिडेन्सीची इमारत मात्र टिकली. स्वातंत्र्यानंतर तेथे उस्मानिया विद्यापीठाचे मुलींचे महाविद्यालय भरू लागले आणि आता त्याचे महिला विद्यापीठ झाले आहे. जेथे एका आईला आपल्याच घराचा दर्शनी भाग पाहता येत नव्हता, तेथल्या पायऱ्या सामान्य घरांतील मुली पुस्तके घेऊन चढल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या गळ्यात मोत्यांचे सर नसतील आणि कोणी त्यांची तैलचित्रेही काढलेली नसतील. पण शिकण्यासाठी नाव बदलावे लागले नाही, आईला विसरावे लागले नाही, ही संपत्ती त्यांच्याजवळ आहे. साहिब बेगमला तिच्या श्रीमंतीतही ती परवडली नव्हती.